उजव्या बाजूची खुर्ची

रविवारी मॅच संपल्यावर आपण त्या नव्या पबमधून बाहेर आलो, तेव्हा ऊन अजून समोरच्या भिंतीवर होतं. मॅच परदेशात होती म्हणून सकाळीच सुरू झालेली. आपण दुपारी गेलो, आपल्या टीमची बॅटिंग पाहायला. हरलो. तू माझं मनगट धरून दोन पायऱ्या उतरली आणि ऑटोत बसेपर्यंत ते सोडलं नाही. मी म्हटलं, बाई थकली. आपल्या अधारतालच्या बाजारापाशी तू ऑटो थांबवला, अंबाडीच्या जुड्या हातात घेऊन चाचपल्या, वास घेतला. भाजीवाली भाव सोडेना. तू तुझं नेहमीचं म्हणाली, "कोई रन नहीं," आणि तरी दोन जुड्या घेतल्या.

घरी कुलूप मी उघडलं. तू चप्पल काढता काढता माझ्या उजव्या कानाशी आली.

"अवो, पिशवी तिथंच राहिली. खुर्चीखाली. तुमचं मशीन हाये तिच्यात."

कानाचं मशीन. पबमध्ये गलका वाढला की ते शिट्ट्या मारते म्हणून मी काढून तुझ्याजवळ देत होतो, आणि तू ते शेंगदाण्याच्या पुडीशेजारी, लिंबाच्या डबीवर, रुमालात गुंडाळून ठेवत होती.

"उद्या जाऊन घेऊन या," तू म्हणाली.

"पुढच्या रविवारी मॅच आहेच ना. तेव्हा आणू. चार दिवस ऐकू नाही आलं तर काय बिघडते?"

हे मी बोललो. तुला हे आधीच सांगून टाकतो, कारण बाकी सगळं याच्यावरच येऊन पडतं.

सुनू म्हणते, बाबा, इथल्या मराठी मंडळाच्या अंकात आईवर काही लिहा. जन्म, माहेर, नातवंडं किती, कोणत्या भजनी मंडळात होती, ते तिनं लिहून दिलं आहे. पोरगी हुशार आहे आपली, नागपूरच्या शाळेत शिकवते, तिला ते जमतं. मी सातवी झालेला माणूस. मला तुझ्याबद्दल लिहिता येणार नाही. तुझ्याशी बोलता येईल. आणि बोलायचं ते मॅच पाहायच्या जागेबद्दलच आहे. लोक म्हणतील, बायको जाऊन महिना नाही झाला आणि म्हातारा बारबद्दल लिहून राहिला. म्हणू दे.

तू लग्न होऊन इथं आली तेव्हा तुला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. वर्ध्याकडच्या खेड्यातली पोरगी. आजूबाजूला सगळे हिंदीवाले. मी रिछाईच्या पत्र्याच्या कारखान्यात प्रेसवर, दिवसभर धाडधाड. घरी आलो की मला कोणी बोललेलं नको वाटायचं. तू एकटी, आणि माझा तो चामड्याच्या खोळीतला ट्रान्झिस्टर. तू त्याच्यावर क्रिकेटची हिंदी कॉमेंट्री ऐकायला लागली. खेळ कळत नव्हता, भाषाही कळत नव्हती. पण तो माणूस सारखा बोलत राहायचा, न चिडता, आणि तेच तेच शब्द पुन्हा म्हणायचा. असा मास्तर कुठं भेटतो? सहा महिन्यांत तू बाजारात हिंदी बोलायला लागली, आणि सगळा मोहल्ला हसायला लागला. दूधवाल्यानं पाणी घातलं तर तू म्हणायची, "भैया, आज लाइन और लेंथ दोनों खराब है." सुनू पहिल्यांदा चालली तेव्हा तू शेजारच्या दुबे भाभीला भिंतीवरून ओरडून सांगितलं, "बहुत ही सुंदर प्रयास!" भाभी अजून ते सांगते.

मला ते तेव्हा येडेपणा वाटायचा. मी तुला हसलो आहे. कारखान्यात मुकादम म्हणायचा, कानात कापूस घाल. मी घालत नव्हतो, मर्द होतो ना. तर डावा कान गेला, उजवा अर्धा राहिला. तू माझ्या उजव्या बाजूला राहायला लागली. ऑटोत उजवीकडे, लग्नाच्या पंगतीत उजवीकडे, खाटेवरसुद्धा जागा बदलली. कधी सांगितलं नाही की काहून बदलली. मलाही दहा-बारा वर्षांनी लक्षात आलं.

बारमध्ये मॅच पाहायची गोष्ट सुरू झाली ती लाइट गेल्यामुळे. रिटायर झाल्यावरची गोष्ट. आपल्या गल्लीतली डीपी जळाली होती, आणि मॅचचे शेवटचे दहा ओव्हर उरले होते. ट्रान्झिस्टरही तोवर मोडीत निघाला होता. तू पदर खोचला आणि म्हणाली, "चला." मला वाटलं, दुबेकडे रेडिओ ऐकायला. तू सरळ मेन रोडवर गेली, जैस्वालजीच्या बारच्या दारात उभी राहिली आणि विचारलं, "भैया, कितने चाहिए?"

जैस्वालजी गल्ल्यावर बसले होते. त्यांची पाठ टीव्हीकडे. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "पचपन बॉल में इकसठ." मग मान वर केली, आणि नऊवारी नाही पण तशीच ठसठशीत नेसलेली, कुंकू लावलेली बाई दारात पाहून ते गल्ल्यावरून उठलेच. आत वीस-पंचवीस माणसं. सगळ्यांनी ग्लास टेबलाखाली नेले, जशी मास्तरीण वर्गात आली. मी तुझ्यामागे शरमेनं मेलो होतो. तिथं मी एकटा कितीदा जाऊन आलो होतो ते तुला माहीत नव्हतं, असं मला वाटत होतं. वाढप्या म्हणाला, "काका, वही रोजवाला?" आणि तू वळून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला मरेपर्यंत पुरेल.

जैस्वालजींनी गल्ल्याशेजारी टेबल लावून दिलं. तू लिंबू-सोडा मागवला, खारा. आपल्या माणसानं छक्का मारला तेव्हा ती वीस-पंचवीस माणसं एकदम उठली, आणि तूही उठली. घरी जाताना म्हणाली, "घरी चौका गेला तर भिंती टाळ्या वाजवत नाही. आता अस्संच पाहू."

मग सुरू झालं जागा पाहणं. दर मोठ्या मॅचच्या आदल्या दिवशी आपण शहरात फिरत होतो, पोरीसाठी स्थळ पाहावं तसं. तू तशीच बसायची, पर्स मांडीवर, अर्धा ग्लास पाणी पिऊन, आणि मालकाला प्रश्न विचारायची. संडास वर आहे की खाली? शिव्या देणारे लोक येतात का? खारे शेंगदाणे तेलकट असतात का? त्या गच्चीवरच्या हॉटेलात पायऱ्याच चाळीस, तू अर्ध्यात बसली आणि म्हणाली, "मुलगा चांगला हाये, पण सासर लय वर हाये." स्टेशनकडच्या एका बारमध्ये पडदा मोठा, पण मॅनेजर म्हणाला की लेडीज फॅमिली-केबिनमध्येच बसतील, आणि केबिनला पडदा. तू म्हणाली, "मॅच पाहायला आली, माहेरपणाला नाही." शेंगदाणे तर तू घरूनच भाजून न्यायची, लपवून. बाहेरचं खाणं आणायचं नाही असा बोर्ड असायचा आणि तू बरोबर त्याच्याखाली बसून पुडी सोडायची. कोणी बोललं तर त्यालाच मूठभर द्यायची.

पण फिरून फिरून तू जैस्वालजीकडेच यायची. आणि मला ती जागा नको वाटायला लागली होती. त्यांचा टीव्ही लहान, कोपऱ्यात उंच लावलेला. कोणी समोर उभं राहिलं की संपलं. मला तर कॉमेंट्री ऐकू येत नाही. माझं सगळं पडद्यावर. खालच्या पट्टीत किती धावा, किती बॉल, ते दिसलं तर मॅच, नाही तर नुसते पळणारे कपडे.

यावरून आपलं भांडण. तीन वर्षं चाललं.

"अवो, मले जैस्वालकडेच बरं वाटते."

"काहून? तिथं काही दिसते का?"

"दिसत नसन. पण बरं वाटते."

"पैसे देऊन जायचं आणि पाहायचं कोपऱ्यातल्या डबड्यात?"

"तुमी नका पाहू मंग. मी सांगन तुमाले."

आणि खरंच तू सांगायची. जैस्वालजी पाठ करून हिशेब करत, म्हणून त्यांना आवाज मोठा लागायचा. ती कॉमेंट्री सगळ्या बारमध्ये घुमायची. तू डोळे मिटून ऐकायची, मग माझ्या उजव्या कानाशी तोंड आणून सांगायची: मागं जाऊन मारला, मिडविकेटला गेला, दोन पळाले. मला वाटायचं, बाई डुलक्या घेते आणि उठून मला शिकवते. एकदा मी लोकांसमोर बोललो, "झोपायचं असन तर घरी झोपत जा. इथं कायले येतेस?" तू पुडीतले दोन शेंगदाणे माझ्या तळहातावर ठेवले.

गेल्या वर्षी भातात खडे निघायला लागले. मी ताट सरकवलं होतं, आठवते? "निवडताना लक्ष कुठं असते तुझं?" फ्रिजमध्ये डोळ्यात टाकायच्या औषधाची बाटली होती. मी विचारलं. तू म्हणाली, "आग होते डोळ्याची." मला पटलं. मला काय, माझ्या कामाचं तेवढं पटत गेलं.

तो नवा पब मी शोधला. मॅच नसलेल्या दिवशी एकटा जाऊन पाहून आलो, तुला चकित करायचं म्हणून. शहरात, राइट टाऊनकडे. भिंतभर पडदा. दोनच पायऱ्या, बाजूला कठडा. संडास तळमजल्यावर, खुर्चीचा, आतमध्ये धरायला दांडा. मी तो दांडा हलवून पाहिला, पक्का होता. खुर्च्यांना पाठ होती. मी परत येताना ऑटोत एकटाच हसत होतो. म्हटलं, आता कशी बोलते पाहू.

रविवारी तू आत आली, उभी राहिली आणि मान थोडी तिरपी केली. आता कळते की तू काय करून राहिली होती. तेव्हा मला वाटलं, पडदा पाहून दंग झाली. मशीन तर गलक्यामुळे मी दारातच काढून तुझ्याकडे दिलं होतं. म्हटलं, "बोल आता. आहे का जैस्वालकडे असं?"

तू म्हणाली, "नाही. असं तिथं नाही."

मी खूष. तीन वर्षांचं भांडण जिंकलो. एक बिअर मागवली, तुला लिंबू-सोडा. पडद्यावर गवताचं पातं अन् पातं दिसत होतं. बॉलरच्या कपाळावरचा घाम दिसत होता. मी इतका रमलो की तुझ्याकडे पाहिलं नाही. तू माझी बाही ओढून विचारायची, "काय झालं?" मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग चिडलो. "समोर भिंतीएवढं दिसून राहिलं, मले काय विचारते?" त्यानंतर तू शेंगदाणेही खाल्ले नाही.

शेवटचा बॉल होता, चार पाहिजे होते. आपल्यानं उंच मारला. मी उभा राहिलो, सगळे उभे राहिले. आणि बाउंड्रीच्या दोरीजवळ त्यांच्या माणसानं झेल घेतला. मी डोक्याला हात लावून बसलो आणि तू पुन्हा बाही ओढली.

"काय झालं?"

"दिसत नाही का तुले? डोळे काय घरी ठेवून आली?"

तू हसली. म्हणाली, "हो. घरीच राहिले."

मी ती थट्टा समजलो.

सोमवार गेला, मंगळवार गेला. तू दोनदा म्हणाली, मशीन आणा. मी दोनदा म्हटलं, रविवारी. बुधवारी सकाळी मी ओट्यावर बसून नळाची तोटी दुरुस्त करत होतो. तू आत अंबाडी निवडत होती. माझ्यापासून बारा पावलं. मी नंतर मोजली. दुबे भाभी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होती. तिला ताट पडल्याचा आवाज आला. तिनं आधी तुला हाक मारली, मग मला. मग ती पदर सांभाळत फाटकातून धावत आली आणि माझ्या शेजारून आत गेली. मी तोटी हातात घेऊन म्हटलं, "क्या हुआ, भाभी?" तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा उठलो.

तू भिंतीला टेकून बसली होती. पानं एकीकडे, देठ एकीकडे. आणि दोन्हींत गवत.

डॉक्टर म्हणाला, एका झटक्यात झालं असेल. भाभी म्हणाली, आवाज फक्त ताटाचा आला. सुनूही तेच म्हणते. मी सगळ्यांना एकच विचारत राहिलो, तिनं हाक मारली होती का? सगळे नाही म्हणतात. ते सगळे चांगले लोक आहेत, नाहीच म्हणणार.

पुढचे तेरा दिवस माझ्यासाठी मुके गेले. लोक यायचे, डाव्या बाजूला बसायचे, तोंड हलवायचे, मी मान हलवायचो. कोणीतरी विचारलं असेल की बाई आजारी होत्या का, आणि मी मान हलवली. तर तेरवीपर्यंत अर्ध्या अधारतालला माहीत झालं की तू सहा महिने अंथरुणावर होती. तुझा भाऊ वर्ध्याहून आला तो माझ्यावर चिडूनच आला, आम्हाला कळवलं काहून नाही म्हणून. सुनूनं समजावलं त्याला. तू असती तर हसून हसून पोट धरलं असतं. उजव्या बाजूला मी कोणाला बसू दिलं नाही. सुनूला सुद्धा नाही. ती समजली.

तेरवी झाली. सुनू म्हणाली, बाबा, नवीन मशीन घेऊ. मी म्हटलं, माझं आहे. जागा माहीत आहे. ती यायला निघाली होती माझ्यासोबत. मी एकटा गेलो.

दुपार होती. कोणाची तरी मॅच लागलीच होती, आपली नव्हती. काउंटरवर एक बाई असते, सुनूच्या वयाची, केस कापलेली. मी काही बोलायच्या आधी तिनं खालून पिशवी काढली. तुझी निळी पिशवी, बंदाला गाठ मारलेली. मी तिथंच उभ्या उभ्या गाठ सोडली. शेंगदाणे मऊ पडले होते. डबीतलं लिंबू काळं झालं होतं. रुमालात मशीन होतं. मी ते कानात घातलं.

आणि पहिल्यांदा मला ती जागा ऐकू आली.

गाणं चालू होतं. जोरात, छाती हलेल असं. समोर पडद्यावर बॉलर पळत येत होता, बॅटवाला मारत होता, लोक टाळ्या वाजवत होते, आणि सगळ्यांच्या तोंडून तेच गाणं निघत होतं. मी पडद्याकडे पाहत राहिलो. एक ओव्हर संपला, दुसरा संपला. गाणं संपलं, दुसरं लागलं. मी त्या बाईला विचारलं, "बेटा, कॉमेंट्री?"

"अंकल, यहाँ तो म्यूट ही रहता है. मैच के दिन म्यूज़िक चलता है."

"उस दिन भी?"

"जी." तिनं पिशवीकडे पाहिलं. "आंटी ने भी पूछा था. आप वॉशरूम गए थे, तब. बोलीं, थोड़ी देर कॉमेंट्री लगा दो. मैंने कहा, आंटी, बाकी लोग नाराज़ होंगे. तो बोलीं, अच्छा, रहने दो. उनको मत बताना, आज बहुत खुश हैं."

ती विचारत होती, आंटी नहीं आईं? मला आता सगळं ऐकू येत होतं, पण मी ऐकू न आल्यासारखा बाहेर पडलो. त्या दोन पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला.

घरी आलो तर भाभी ओट्यावर बसली होती. सुनूनं बसवलं असेल तिला, माझ्यासाठी. मी पिशवी दाखवली आणि सांगितलं की भाभी, तिथं आवाजच नव्हता. सगळं बंद होतं. नुसते गाणे. मला वाटलं भाभी म्हणेल, तर काय झालं, टीव्ही तर होता.

भाभीनं तोंडावर पदर घेतला.

"फिर तो उन्होंने कुछ देखा ही नहीं, बाबूजी."

मग तिनं सांगितलं. डोळ्याच्या डॉक्टरकडे तीच तुला घेऊन गेली होती, दोनदा. मी कारखान्याच्या दोस्तांकडे गेलो असताना. काचबिंदू. गेलेली नजर येणार नाही, आहे ती टिकवा, असं तो म्हणाला होता. तुला उजेड कळत होता, माणसाचा आकार कळत होता. पडदा भिंतीएवढा असो की तळहाताएवढा, तुला सारखाच. मी विचारलं, मला काहून नाही सांगितलं? भाभी म्हणाली की तिनंही तुला हेच विचारलं होतं. आणि तू म्हणाली होती, "बता दूँगी तो बोलेंगे, घर में रेडियो सुन ले. फिर बाहर कौन ले जाएगा?"

खरं आहे. मी हेच बोललो असतो. याच शब्दांत. नवीन रेडिओ आणून दिला असता तुला, चांगल्यातला, आणि वाटलं असतं की किती केलं बायकोसाठी. तू मला बरोबर ओळखत होती, हे मला सहन होत नाही.

तर असं होतं आपलं. मला ऐकू येत नव्हतं आणि तुला दिसत नव्हतं. तू मला जैस्वालजीच्या बारमध्ये तीन वर्षं ऐकवलं. मग माझी पाळी आली, तुझ्यासाठी मी एक दिवस पाहायचं होतं, फक्त एक दिवस, आणि तू बाही ओढून ओढून विचारत होती. मी तुझ्यावर खेकसलो. पूर्ण बॅटिंग तू त्या गाण्यात बसून राहिली. पन्नास ओव्हर. माझी बाही तुझ्या हातात होती, आणि मी खूष होतो म्हणून तू बसून राहिली.

तुझे उपकार मानतो असं लिहायला पाहिजे, सुनू म्हणते, शेवटी आभार असतात. मानतो. हिंदी शिकून माझं घर चालवलं, त्याचे मानतो. त्या पहिल्या दिवशी बारच्या दारात माझ्यापुढे उभी राहिली, त्याचे मानतो. उजवी बाजू धरली, त्याचे. पण माफी पाहिजे ती एकाच गोष्टीची आहे, आणि ती कोणाजवळ मागू? हाक मारली होती का तू, हे तर मला कधीच कळणार नाही. ते माझं मीच वागवीन. पण दुसरं जे तू विचारलं होतं, त्याचं उत्तर माझ्याजवळ आहे. ती मॅच मी डोळे फाडून पाहिली आहे. माझा कान गेला असेल, पाहिलेलं मी विसरत नाही. कोणत्या ओव्हरला कोण आला, कोणी कुठं मारला, सगळं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनू नागपूरच्या गाडीला गेली. तिला सोडून आलो. आंघोळ केली. नळाची तोटी अर्धवट पडली होती ती बसवून टाकली. मग आतून दोन खुर्च्या काढून ओट्यावर ठेवल्या, तुझी उजवीकडे. मशीनला नवा सेल घातला आणि कानात घातलं. तू मधात काही विचारलं तर ऐकू आलं पाहिजे. भाभी भिंतीपलीकडून पाहत होती. पाहू दिलं.

मग आपल्या बॅटिंगच्या सुरुवातीपासून सांगायला लागलो. ऊन आहे. त्यांचा बॉलर उंच आहे, डाव्या हाताचा, दोरीजवळून पळत निघाला. पहिला बॉल. ऑफच्या बाहेर पडला. आपल्यानं बॅट उचलली, पाहिलं आणि सोडून दिला. मागं कीपरनं घेतला.

कोई रन नहीं.